मागून येणारी सायकल

मी हे शहर अर्धंच पाहिलं आहे. डावं अर्धं. लग्न होऊन इथे आले तेव्हापासून आमच्या ह्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर डावीकडे पाय सोडून बसत आले. त्यामुळे पैठण गेटपासून गुलमंडीपर्यंत डाव्या हाताची एकेक पाटी मला पाठ आहे, आणि उजव्या हाताला काय आहे ते परत येताना कळायचं. समोर बघावं तर ह्यांची पाठ. त्या पाठीमागे बसून मी बाजाराला गेले, दवाखान्यात गेले, लेक झाल्यावर तिला मांडीवर घेऊन देवीच्या जत्रेला गेले.

डबलसीट तेव्हा गुन्हा होता. चौकात पोलीस दिसला की हे सायकल हळू करायचे, मी उडी मारायची आणि चौक ओलांडेपर्यंत आम्ही जन्मात एकमेकांना न पाहिलेल्या माणसांसारखे चालायचो. नाहीतर पोलीस चाकातली हवा सोडून द्यायचा. एकदा मी उडी मारली ते ह्यांना कळलंच नाही. हे आपले बोलत बोलत थेट घरी पोचले. मी पाय ओढत मागून आले आणि विचारलं, "वजन कमी झालेलं कळलं नाही का हो?" तर म्हणाले, "मला वाटलं उतार लागला."

आमचे हे पैठणकडच्या एका खेड्यातले. सासरे मेंढरं राखायचे. ह्यांनी मेंढरं सोडली आणि वाळूजला एका कारखान्यात पत्रा दाबायच्या मशीनवर लागले. त्या काळी पहिल्या पाळीला छावणीकडून गोलवाडीच्या दिशेनं सायकलींची रांग लागायची, प्रत्येकाच्या हँडलला डबा. मग कंपन्यांच्या बस आल्या, मग हप्त्यावरच्या मोटारसायकली आल्या आणि रांगेतल्या सायकली एकेक करून भंगारात गेल्या. ह्यांची गेली नाही. गेले ते कान. मशीन दिवसभर धाडधाड आपटायचं, आणि कानात घालायला दिलेले बोळे हे खिशात ठेवायचे. का, तर "गरम व्हतंय".

रिटायर झाल्यावर माणसं देवळात जातात, हे जुन्या बाजारात जायला लागले. तिथून गंजलेल्या सायकली यायच्या. कुणाचे आरे तुटलेले, कुणाला सळईचे ब्रेक पण ब्रेकची रबरं नाहीत, कुणाला डायनामो आहे तर पुढचा दिवाच नाही. आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. रॉकेलमध्ये भिजत घातलेली चेन मी एकदा चुलीवरच्या पातेल्याशेजारी पाहिली त्या दिवशी घरात जे बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुरुस्त झालेली सायकल हे कुणालाही देऊन टाकायचे, अट एकच की तिनं चाललं पाहिजे. एका हॉटेलवाल्याला भिंतीला टांगून वर फुलांच्या कुंड्या ठेवायला जुनी सायकल हवी होती. त्याला ह्यांनी चहासुद्धा विचारला नाही. माझ्या घरातून चहा न घेता गेलेला तो एकटाच माणूस असेल.

पण सायकल दुरुस्त करणाऱ्याला हात लागतात तसे कान लागतात. तिचं दुखणं आधी आवाजात येतं. ह्यांना तर पाठीमागे ट्रकचा हॉर्न वाजला तरी पत्ता नाही. मग कान माझे. हे सायकल स्टँडवर उभी करून पॅडल फिरवायचे आणि मी पदर खोचून शेजारी उकिडवी बसायचे. चेन कोरडी असली की ती चिवचिवते. चाकातले छर्रे फुटले की जात्यात खडा आल्यासारखं वाजतं. पॅडलचा कॉटर ढिला झाला की दर फेरीला एकच टक्. हे सगळं मला कुणी शिकवलं नाही, कॅरिअरवर बसून बसून कानात मुरलं.

खरी परीक्षा रस्त्यावर व्हायची. हे चालवायचे, मी मागे बसायचे आणि त्यांच्या पाठीवर हातानं सांगायचे. बोटाचं टोक म्हणजे चेन, मूठ म्हणजे छर्रे, आख्खा तळवा म्हणजे चेनकव्हर. आणि शर्ट ओढला की मागून मोठी गाडी येते आहे, डावीकडे घ्या.

तळव्याला सगळ्यात जास्त काम होतं. ह्यांच्या स्वतःच्या सायकलचं चेनकव्हर हा आमच्या संसारातला सर्वात जुना तंटा. आवळलं की दोन दिवस गप्प, की पुन्हा खडखड. शेवटी एकदा जुन्या ट्यूबचा तुकडा खाली घालून त्यांनी तो स्क्रू असा बसवला की सायकल मांजरीच्या पावलांनी चालायला लागली. तो फरक त्यांना ऐकू आला नाही. घरापासून हिमायत बागेपर्यंत माझा तळवा पाठीवर पडला नाही, त्यावरून त्यांना कळलं. त्या दिवशी स्वारी जिलबी घेऊन आली.

मग माझी कंबर गेली. डॉक्टर म्हणाले, कॅरिअरवर वाकडं बसणं बंद, पण सरळ बसून पाय चालते ठेवा. लेक पुण्याला असते, तिनं लगेच व्यायामाची ती जागेवरची सायकल पाठवली. हे तिच्याभोवती फिरले आणि म्हणाले, "ही जाती कुठं?" तरी दुसऱ्या दिवशी तिला तेल घातलंच.

आता हे रस्त्यावर एकटे. मागे कान उरला नव्हता. हँडलला आरसा लावला, पण त्यात ट्रक नुसता थरथरताना दिसतो, जवळ आहे का लांब ते समजत नाही. मग लेकीनं कानाचं मशीन आणलं. पहिल्याच दिवशी हे कुकरच्या शिट्टीला दचकले, आणि मी जेवायला हाक मारली तर माझ्याकडे टकमक बघत राहिले. "तुझा आवाज असा हाय व्हय? मी तर इसरूनच गेलतो." मला आनंद झाला, का होणार नाही? पण खोटं कशाला बोलू, पोटात दुखलंही. आता माझ्या हातांचं काय काम, असं वाटून गेलं. मशीनचा मत्सर करणारी मीच पहिली असेन.

ते मशीन घरात शहाणं होतं. सायकलवर बसलं की त्यात वारं शिरायचं आणि दुसरं काही ऐकूच यायचं नाही. ह्यांनी मग जुनाच उपाय केला, काढून खिशात ठेवलं. नगर नाक्याजवळ एका टेम्पोचा हँडलला धक्का लागला. कोपर सोलवटलं, गुडघा सुजला, हँडल वाकलं. निभावलं त्यावर. पण कुणीतरी ह्यांच्या खिशातल्या फोनवरून लेकीला कळवलं आणि तिचा मला फोन आला.

"आई, बाबांची सायकल बंद. आजपासून. मला वचन दे."

ती रडत होती. तिचं चुकलं असतं तर भांडता तरी आलं असतं. मी हो म्हटलं.

ह्यांनी हँडल सरळ केलं, सायकल पुसली आणि स्टँडवर लावून टाकली. रोज सकाळी पुसायचे, हवा बघायचे आणि येऊन खुर्चीत बसायचे. जुन्या बाजाराची वाट बंद झाली. दसरा झाला की आम्ही दरवर्षी दौलताबादला सीताफळं आणायला सायकलवर जातो, हँडलला दोन्हीकडे पिशव्या अडकवून. कंबर गेल्यापासून हे एकटे जात होते, पण जात होते. त्या दसऱ्याला मी आठवण काढली तर म्हणाले, "बाजारातून आण." एवढंच. ह्या माणसाला मी बाजारातल्या सीताफळाला हात लावताना कधी पाहिलं नव्हतं. मला भीती वाटली. पडून माणूस मोडतो, पण बसून जास्त मोडतो. माझ्या डोळ्यांसमोर तो मोडत होता.

मी त्या जागेवरच्या सायकलवर बसून रोज घाम गाळत होते. एक दिवस मनात आलं, दौलताबाद गाठता येईल एवढं पॅडल मी रोज मारते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पुढे काही जात नाही. कॅरिअरवर बसता येत नाही ना? मग पुढे जाईन. माझी वेगळी सायकल, मी पुढे, हे मागे. मला मागची गाडी ऐकू आली की मी हात वर करीन, ह्यांना दिसेल, हे डावीकडे घेतील.

घरात मशीन कानात असताना हे ह्यांना सांगितलं. वाटलं, बायकोच्या मागून जायचं म्हटल्यावर चिडतील. हे म्हणाले, "माझा बाप मेंढरांच्या मागंच चालायचा. मागं चालणाऱ्यालाच समदं दिसतं."

"म्हणजे मी मेंढी का?"

"मला ऐकू यायला लागलं की लगेच भांडती."

लेकीला फोन केला. ती आधी म्हणाली, "तुम्ही दोघं मिळून मला मारणार आहात." मग म्हणाली, "हेल्मेट घालणार असाल तर." वचन असं तिनंच सोडवलं.

जुन्या बाजारात ह्यांचे ओळखीचे एक चाचा आहेत, जुने सुटे भाग विकतात. त्यांनी दांडा नसलेली एक सायकल काढून दिली. "भाभी, ये पुराना लोहा है. आजकल की वो पन्नी जैसी सायकल नक्को लेना." पाडव्याला लोक सोनं घेतात, मी आषाढात गंज घेतला. ह्यांना मात्र पंधरा वर्षं कमी झाल्यासारखं झालं. अंगण पुन्हा भरलं. आणि मैदानावर सकाळी मी शिकायला लागले. हे मागून कॅरिअर धरायचे आणि ओरडून सांगायचे, तर मैदान फिरायला आलेल्या सगळ्यांना मी कशी चालवते ते कळायचं. मी वळून म्हटलं, ओरडू नका. मग त्यांनी माझ्या पाठीवर हातानं सांगायला सुरुवात केली. डाव्या खांद्यावर बोट, उजव्या खांद्यावर बोट, मध्ये तळवा म्हणजे सरळ बस. एवढी वर्षं मी त्या पाठीवर वाजवत आले, आपल्या पाठीवर ते कसं लागतं हे मला तेव्हा समजलं.

खंडेनवमीला दोन्ही सायकली, पाने, पंप, हातोडी सगळ्यांना हळदकुंकू लागलं, हँडलला झेंडूच्या माळा घातल्या. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी उजाडताच आम्ही निघालो. मी पुढे, हे मागे.

छावणी गेली, पडेगाव गेलं. मला समोरचा रस्ता दिसत होता. आख्खा. इतक्या वर्षांत त्या रस्त्याला दोन बाजू असून मध्ये तो असा लांब जातो हे मी पाहिलंच नव्हतं. मागून ह्यांची कॉमेंट्री चालू होती, तीही बहिऱ्या माणसाच्या आवाजात. "तुझं मागचं चाक आऊट हाय, डुलतंय! घरी गेल्यावर काढतो!" चहाच्या टपरीवरची माणसं माझ्या मागच्या चाकाकडे बघायला लागली.

मिटमिट्याच्या पुढे मागून ट्रक ऐकू आला. मी डावा हात वर केला, ठरल्याप्रमाणे. हॉर्न वाजला, ट्रक धुरळा उडवत शेजारून निघून गेला. मी हात खाली घेतला.

मागे काहीच नाही. चाकाबद्दल नाही, कशाबद्दल नाही. मी कान दिला. कान माझे चांगले आहेत, पण ऐकायला काही नव्हतंच. ती सायकल आवाज करत नाही. चेन नाही, छर्रे नाहीत, चेनकव्हर नाही. एकेक आवाज मीच शोधून दिला होता आणि ह्यांनी काढून टाकला होता. वळून बघायची माझी टाप नव्हती, नवशिकी मी, वळले तर पडले. हाक मारून उपयोग नाही, घंटी वाजवून उपयोग नाही. कसाबसा ब्रेक दाबून मी लिंबाखाली पाय टेकला आणि मागे पाहिलं.

हे रस्त्याच्या खालच्या मातीवरून सावकाश येत होते. "काय झालं? पंक्चर?"

मी रडायला लागले. "तूच म्हणलीस ना डावीकडं घ्या, घेतलं की," हे गोंधळून म्हणाले. मशीन खिशात, मी काय बोलते ते त्यांना ऐकू जाणार नव्हतं. मी त्यांच्या मागे गेले आणि पाठीवर आख्खा तळवा ठेवला.

"वाजत नाय ते!" अपमान झाल्यासारखे हे म्हणाले.

मी पुन्हा तळवा ठेवला. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, मग चेनकव्हरकडे, मग पुढे उभ्या असलेल्या माझ्या सायकलकडे.

"वाजत नाय, म्हणून व्हय?"

मी मान हलवली. त्यांनी सीटखालच्या पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला, ट्यूबचा तो तुकडा उपसून खिशात टाकला आणि स्क्रू ढिला केला. हातानं पॅडल फिरवत माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी खुणावलं, अजून. त्यांनी अजून ढिला केला. आता त्या जुन्या तंट्याला तोंड फुटलं.

परत येताना दोन्ही हँडलना सीताफळांच्या पिशव्या होत्या. गिअरच्या सायकलीवाली तरुण मुलं आम्हाला ओलांडून गेली. त्यांतला एक ह्यांच्या शेजारी जाऊन म्हणाला, "काका, चेनकव्हर वाजतंय, टाईट करून घ्या." ह्यांना वाटलं तो नमस्कार करतोय. "व्हय व्हय, तुम्हाला पण," म्हणत ह्यांनी हात वर केला असणार. मागे खडखड चालू होती. छावणीपर्यंत मला एकदाही थांबावं लागलं नाही.