पहिला वाटा

जवाहर नगरात राहणाऱ्या एका विमा अधिकाऱ्यांनी मला जयपुरात सांभाळलं. मी त्यांना काका म्हणायचो. पुढचं सांगण्याच्या नादात हे राहून जाईल अशी धास्ती वाटते, म्हणून आधीच लिहून टाकतो.

आठवीनंतर शाळा सुटली आणि मी सोलापूरहून जयपूरला, सांगानेरच्या एका कापड छपाई कारखान्यात आलो. ठसे मारणारे कारागीर तिथलेच. माझं काम छापलेलं कापड धुऊन वाळत घालायचं. तोंड उघडलं की हिंदी चुकायची, म्हणून मी गप्पच असायचो. रविवारी दुपारी मात्र बस थांब्याजवळच्या सायबर कॅफेत जाऊन बसायचो. कॅफेवाला माझ्या निळ्या बोटांकडे बघून म्हणायचा, "हाथ धो के आया कर भैया, कीबोर्ड भी छाप देगा मेरा."

तिथं एक खेळ चालायचा. कुठकुठली माणसं इंटरनेटवरून एकाच अंतराळात आपापली जहाजं घेऊन फिरायची, खनिजं काढायची, एकमेकांशी लढायची. कानाला हेडफोन, तोंडाशी माइक. जहाज जळालं की कायमचं गेलं, पुन्हा पहिल्यापासून जमवायचं. माझं पहिलं जहाज जळालं तेव्हा तोंडातून "आई गं" निघून गेलं. हेडफोनमध्ये एक आवाज आला, "कुठले हो तुम्ही?"

"सोलापूर."

"आणि सध्या?"

"सांगानेर."

"अरे, मग माइक कशाला, गच्चीवरून हाक मार. मी जवाहर नगरला."

असे ते काका. त्यांच्या गटात मोजकीच माणसं होती. लष्करी छावणीत राहणाऱ्या एक मराठी वहिनी, ज्यांचे यजमान फौजेत होते, जगतपुऱ्याच्या कॉलेजातली दोन मुलं, आणि आता मी. आम्ही तिघं मराठीत सुरू झालो की ती मुलं म्हणायची, "लो, मराठी समाचार शुरू." काका मग मुद्दाम बातम्या वाचल्यासारखं बोलायचे. आठवडाभर न बोललेलं सगळं मी त्या दुपारी बोलून घ्यायचो.

गटाचा एक नियम होता. लढाईत कुणीतरी एकट्यानं पुढे जाऊन शत्रूला अडकवून धरायचं, मग बाकीच्यांनी तुटून पडायचं. पुढे जाणाऱ्याचं जहाज बहुतेक जातंच. म्हणून लुटीतला पहिला वाटा त्याचा. आधी त्याचं जहाज भरून द्यायचं, उरेल ते इतरांनी वाटून घ्यायचं. कधी काहीच उरायचं नाही, तरी कुणी कुरकुरलं नाही. माझ्यासारखा घाबरटसुद्धा त्या नियमाच्या जोरावर पुढे घुसायचा. मागचे येतायत का, हे बघायची वेळच येत नसे. एवढ्याशा गटात कोण मागे राहिलं ते लगेच कळतं ना.

मग एका मोठ्या गटानं आम्हाला आपल्यात घेतलं. पन्नासाच्या वर जहाजं. त्यांचा कॅप्टन दिल्लीचा होता, बोलायला गोड. त्याचे नियम ऐकायलाही चोख वाटले. लूट सगळ्यांना सारखी. पुढे कोण जाणार ते कॉम्प्युटर चिठ्ठी काढून ठरवणार. आणि ज्याच्याकडे जहाज नाही, त्याला गटात जागा नाही. वहिनी तेवढ्या म्हणाल्या, "म्हणजे मरणाऱ्याला जेवढं, तेवढंच लांबून बघणाऱ्याला. छान आहे."

एका रविवारी चिठ्ठी माझ्या नावाची निघाली.

माझ्याकडे एकच जहाज होतं. ते गेलं की मी गटाबाहेर, आणि मग त्या शहरात माझ्याशी मराठीत बोलणारं कुणी उरणार नव्हतं. कॅप्टन म्हणत होता, "चलो भाई, किसका इंतज़ार है?"

काकांचा आवाज आला, "तुझा श्वास इथपर्यंत ऐकू येतोय रे. थांब, मी जातो."

"काका, तुमचं मोठं जहाज आहे."

"वर्षभर नुसतं पुसतोय त्याला. एकदा धुळीत जाऊ दे."

वर्षाहून जास्त काळ, ऑफिसातून आल्यावर थोडं थोडं करत त्यांनी ते उभं केलं होतं. त्यांना काचबिंदू होता. हे गेलं तर दुसरं होईपर्यंत डोळे थांबायचे नाहीत, असं ते हसत सांगायचे.

ते आत गेले. शत्रूला धरलं. म्हणाले, "आ जाओ." कुणी हललं नाही. मी, वहिनी आणि ती दोन मुलं निघालो, पण आमची जागा सगळ्यांच्या मागची, पोचेपर्यंत वेळ गेला. पुढच्या सगळ्यांना वाटत होतं की इतके जण आहोत, आपण एक नाही गेलो तर काय अडणार आहे. काकांचं जहाज पेटल्यावर मात्र सगळे धावले, आणि आम्ही जिंकलोसुद्धा.

वाटणीच्या वेळी वहिनी म्हणाल्या, "हमारे यहाँ पहला हिस्सा उसका होता है, जिसका जहाज़ गया."

कॅप्टन म्हणाला, "मैडम, इतने लोग हैं. सबको बराबर मिला, इससे ज़्यादा इंसाफ़ क्या होगा?"

काका म्हणाले, "ठीक है जी." मग मला मराठीत, "तुझं शाबूत आहे ना? मग झालं तर."

आम्ही चौघांनी आपापले वाटे त्यांना देऊ केले. सगळे मिळून त्या जहाजाचं एक इंजिनही झालं नसतं. त्यांनी घेतले नाहीत. पुढे जहाज नाही म्हणून नियमाप्रमाणे त्यांचं नाव गटातून काढलं गेलं.

त्यांची बदली गुवाहाटीला झाली तेव्हा मी जवाहर नगरला गेलो. घरभर खोकी बांधलेली होती. काकूंनी पोहे दिले. काका माझ्याकडे बघताना मान जरा वळवत होते, समोरचं नीट दिसत नसावं. ते म्हणाले, "खेळतोस ना? सोडू नकोस. बोलत राहा कुणाशी तरी." कॉम्प्युटर त्यांनी भाचीला देऊन टाकला होता.

मी तो मोठा गट सोडला. वहिनींनी आणि मी पुन्हा छोटा गट केलाय, जुन्या नियमाचा. काका, तुमचं जहाज मी बांधतोय, अगदी तसंच. सावकाश होतंय. पुरं झालं की गुवाहाटीला येईन, तिथल्या एखाद्या कॅफेत तुमच्या हाताखाली माउस ठेवीन आणि शेजारी बसून समोर काय काय दिसतंय ते मराठीत सांगत राहीन. आणि लढाई लागली की शेजारच्या कॉम्प्युटरवरून सगळ्यांच्या आधी मी पुढे जाईन.