झेंडूला बक्कल नसतं

परब बाई कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी तिच्याकडे पाठ करून चालू लागायच्या. विक्रेत्याला वाटायचं, गिऱ्हाईक गेलं. तेवढ्यात बाई लांबवर जाऊन थांबायच्या, जाड भिंगांचा चष्मा काढून हातात धरायच्या आणि गर्रकन वळून विचारायच्या, "दिसते का?" हा प्रश्न त्या नेमका कुणाला विचारायच्या ते आम्हाला कधी कळलं नाही. उत्तरही त्याच द्यायच्या. "नाय दिसत. उचला."

ऐंशीच्या दशकात मुलुंडला आग्रा रोडवर आमचा कपडे धुण्याच्या पावडरीचा कारखाना होता. मी तिथे फिटर होतो आणि बाई खरेदी विभागात. खरेदी विभाग म्हणजे एक टेबल, एक फोन आणि परब बाई. मूळच्या मालवणकडच्या, वाढल्या घाटकोपरला, बी. कॉम. झालेल्या. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची हिंमत साक्षात मोठ्या मालकांनाही नव्हती. शुद्ध मराठीत बोलत असल्या तर समजायचं, सगळं ठीक आहे. मालवणी सुरू झाली की शहाण्याने जिन्याची वाट धरावी.

आमच्याकडची खरी भीती म्हणजे मिक्सर. खोलीएवढं लोखंडी पिंप आणि त्यात फिरणारी पाती. पावडर पात्यांवर बसून दगडासारखी घट्ट व्हायची. ती खरवडायला, सैल बोल्ट आवळायला आम्हा फिटरांपैकी कुणाला तरी वरच्या तोंडातून आत उतरावं लागे. कमरेचा पट्टा, दोर, मास्क, हातमोजे असं सगळं सामान आम्ही पाठीवरच्या पिशवीतून न्यायचो, कारण हातात हत्यारांची पेटी असायची. सामान अंगावर चढवलं की रिकामी पिशवी मेन स्विचच्या दांड्याला लटकवायची. पिशवी लटकतेय म्हणजे आत माणूस आहे, आणि ज्याची पिशवी त्यानेच ती काढायची. स्विचला कुलूप घालायची पद्धत आमच्याकडे तेव्हा नव्हती. आमचा जीव त्या पिशवीला टांगलेला असे.

पण पिशव्या होत्या खाकी, आणि कारखान्यात सगळीकडे पांढरी धूळ. आठवड्याभरात पिशवी, स्विच आणि भिंत एकाच रंगाची होऊन जायची. एकदा कुणीतरी चुकून दांड्यापर्यंत हात नेला, वेळेवर आरडाओरडा झाला आणि निभावलं. ही गोष्ट बाईंच्या कानावर गेली. त्या तडक खाली आल्या, शेडच्या दुसऱ्या टोकाला उभ्या राहिल्या आणि त्यांनी चष्मा काढला.

"ह्या पिशवीच्या भरवशावर तुम्ही आत उतरता? घरी बायकांना सांगितलंय?"

माझा जोडीदार तुळसकर तेवढा पुटपुटला, "बाई, तुमचा चष्मा जाड आहे, म्हणून..."

"म्हणूनच. माझ्यासारख्या आंधळीला दिसेल तीच पिशवी घेणार."

मग पिशव्यांचं स्वयंवर सुरू झालं. मस्जिद बंदरचे व्यापारी गठ्ठे घेऊन यायचे. एकाने फार कौतुकाने चेन उघडून दाखवली, "बाई, आतला कप्पा तर बघा." बाई म्हणाल्या, "मेलेल्या माणसाला आतला कप्पा काय करायचाय?" शेवटी रेनकोटच्या कापडाची, मागे रेडियमची पट्टी आणि पुढे चकचकीत बक्कल असलेली एक नारिंगी पिशवी त्यांनी पसंत केली. स्विचला लावून लांबून पाहिली आणि कधी नव्हे त्या हसल्या. "बघा, झेंडूसारखी फुलून दिसते." त्या दिवशी त्या आम्हा सगळ्यांशी शुद्ध मराठीत बोलल्या.

पिशव्या झकास होत्या यात वाद नाही. इतक्या, की दोन-तीन पिशव्या पोरांच्या शाळेत जायला लागल्या. बाई त्या घरी जाऊन काढून घेऊन आल्या.

पुढच्या खंडेनवमीची गोष्ट. आमच्याकडे त्या दिवशी यंत्रांची, हत्यारांची पूजा व्हायची. आरती, मंत्रपुष्पांजली, नारळ, आणि मग मोठे मालक स्वतः दांडा वर करून मिक्सर क्षणभर फिरवायचे. पूजा दुपारी होती. मिक्सर धुऊन झाला होता, पण एक बोल्ट सैल वाटला म्हणून मी सकाळी पिशवी स्विचला लावून आत उतरलो. तुळसकर तोंडापाशी बसला होता. आतून वर यायचं तर बाहेरच्या माणसाला दोर ओढावा लागे.

मी बोल्ट आवळत असतानाच गुरुजी आले. त्यांना पुढे भांडुपला दुसरी पूजा होती, म्हणून आमची अलीकडे ओढली. तुळसकरला कुणीतरी मालकांच्या घरून चौरंग आणायला पिटाळलं, आणि तो आपला "आलोच रे!" असं मला ओरडून गेला. त्या गडबडीत ऑफिसातली मंडळी हारांच्या टोपल्या घेऊन शेडमध्ये आली. वर्षातून एकदा खाली उतरणारी माणसं ती. त्यांना स्विचवर फिटरची पिशवी दिसली. आज हत्यारांची पूजा, तेव्हा ही पिशवीही पूजेचीच, असं त्यांना वाटलं. कुणीही पिशवी काढली नाही. त्यांनी तिला हळद-कुंकू वाहिलं आणि वरून झेंडूचे हार घातले. स्विचला, भिंतीला, मिक्सरच्या पायांना, सगळीकडे झेंडू. नारिंगी पिशवी नारिंगी फुलांत बुडून गेली.

आत मला पहिल्यांदा घंटा ऐकू आली. वाटलं, गुरुजी तयारी करत असतील. मग टाळ्या सुरू झाल्या, झांजा आल्या आणि "सुखकर्ता" सुरू झालं. मी तुळसकरला हाक मारली. पुन्हा मारली. मास्क काढून फेकला आणि ओरडलो. त्या पिंपात माझाच आवाज माझ्या डोक्यावर आदळत होता. दोर धरून चढायला गेलो, पण ओल्या साबणाच्या पावडरीने हात निसटून खाली आलो. दोन पात्यांच्या मधे. मी पाना घेऊन पत्र्यावर ठोकायला लागलो, पण बाहेर घंटाही तशीच वाजत होती. ज्याला तो आवाज ऐकू गेला, त्याने तो आरतीतलाच मानला असणार.

मग आरती थांबली. मंत्रपुष्पांजलीचा घुमारा आला. यानंतर काय, ते मला पाठ होतं. इतकी वर्षं मीच त्या घोळक्यात उभा राहून टाळ्या वाजवल्या होत्या. मी एका हाताने ठोकत राहिलो आणि दुसऱ्याने पातं घट्ट धरून बसलो, जणू मी धरलं म्हणून ते फिरणार नव्हतं. नारळ फुटल्याचा आवाज आला. मी डोळे मिटले. खरं सांगतो, देव आठवला नाही. आईला हे कोण सांगणार, एवढंच मनात आलं.

बाहेरचं मला नंतर बाईंकडून आणि इतरांकडून कळलं. मोठे मालक हार सारून दांड्याला हात घालत होते. पेढ्यांचं तबक घेतलेल्या परब बाई त्यांच्या मागे, घोळक्याच्या कडेला होत्या. सवयीने त्यांनी स्विचकडे पाहिलं. पिशवी दिसली नाही, म्हणजे आत कुणी नाही. त्या नजर वळवणार, तेवढ्यात फुलांत काहीतरी चमकलं.

तबक खाली आपटलं. पेढे सगळीकडे उडाले. बाईंनी मालकांचं मनगट धरलं आणि अख्ख्या कारखान्यासमोर, गुरुजींसमोर, सत्तरीच्या मालकांना त्या ओरडल्या, "हात लाव नको रे मेल्या!"

शेड गार पडली. मालकांचा हात तिथेच थांबला.

"झेंडूक बक्कल खयसून इलां?" बाई म्हणाल्या, आणि त्यांनी दोन्ही हातांनी हार ओरबाडायला सुरुवात केली.

त्या शांततेत माझं ठोकणं सगळ्यांना ऐकू गेलं. तुळसकर नुकताच चौरंग घेऊन परतला होता, तो टाकून धावला. मला वर ओढलं तेव्हाही हातातला पाना मी सोडला नव्हता. मालक भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांच्या कपाळावरचं गंध घामाने ओघळलं होतं. बाई एका पिंपावर बसल्या होत्या, मांडीवर माझी पिशवी. त्या पिशवीवरचं कुंकू पुसत होत्या. सगळे त्यांच्या पाया पडायचेच बाकी होते. मीही पुढे झालो, तर त्यांनी मला झिडकारलं.

"माझ्या पाया कसले पडतोस? रंग मी निवडला होता ना. झेंडूसारखा, झेंडूसारखा म्हणून मीच नाचत होते." आणि त्या रडायला लागल्या. परब बाईंना रडताना आम्ही त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

दसरा संपल्यावर बाई कामावर आल्या त्या दोन गाठोडी घेऊन. एकात कापडांचे तुकडे. दुसऱ्यात झेंडू, शेवंती, जास्वंद, आंब्याचे टाळे, आपट्याची पानं, म्हणजे पूजेला जे जे लागतं ते सगळं. फुलं स्विचवर रचली, एकेक तुकडा त्यात खोचला आणि शेडच्या टोकाला जाऊन चष्मा काढला. भगवा गेला, पिवळा गेला, लाल गेला, पोपटी गेला. उरला भडक राणी कलर.

"बाई, हा तर शालूचा रंग!" तुळसकर कळवळला. "ही पाठीवर घेऊन हिंडायचं? लोक म्हणतील, ओटी भरायला निघालाय."

"म्हणू देत. लाजेने माणूस मरत नाही रे."

पहिली पिशवी त्यांनी स्वतःच्या पाठीवर घेतली. साडीवर ती राणी रंगाची पिशवी, अशा त्या स्टेशनपासून कारखान्यापर्यंत रोज चालत यायच्या. रिक्षावाले वळून बघायचे. बघणारा जितका टकमक बघेल तितक्या बाई खूश. "बघ, दिसते." त्या पिशव्या एकाही पोराच्या शाळेत गेल्या नाहीत, हा आणखी एक फायदा. दर खंडेनवमीला बाई सकाळपासून स्विचपाशी खुर्ची टाकून बसायच्या. यंत्राला काय हवी ती फुलं घाला, स्विचला एक पाकळीसुद्धा नाही. निवृत्तीच्या दिवशी मालकांच्या मुलाने आणलेला हारही त्यांनी गळ्यात घालून घेतला नाही. हातात घेतला आणि टेबलावर ठेवला. "हारांनी माणूस झाकतो," म्हणाल्या. सगळे हसले. मी हसलो नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी त्या गेल्याचा निरोप आला. घाटकोपरला त्यांच्या भावाच्या घरी पोचलो तेव्हा खोलीत माणसं मावत नव्हती. कारखान्यातले जुने लोक आले होते, प्रत्येकाने हार आणला होता आणि प्रत्येकाने तो बाईंच्या अंगावर घातला होता. झेंडू, शेवंती, पुन्हा झेंडू. पांढऱ्या चादरीवर नुसता फुलांचा ढीग. बाई कुठे आहेत ते शोधावं लागत होतं.

माझ्या हातातही हार होता. मी तो खाली ठेवला. पुढे होऊन, वाकून, त्यांच्या तोंडावरचे, गळ्यावरचे हार एकेक करून बाजूला काढले. त्यांची वहिनी म्हणाली, "अहो, हे काय करताय?" तुळसकर तिला म्हणाला, "राहू दे वहिनी. काढू दे त्याला."

मग मी पाठ करून पार दारापर्यंत चालत गेलो. माझाही चष्मा आता चांगलाच जाड झालाय. तो काढला, हातात धरला आणि वळून पाहिलं.

दिसत होत्या.