न्हाय म्हटलं की यायचं

हिला अर्धांगाचा झटका आला तेव्हा ही दारात मेथी निवडत बसली होती. मी आत पेपर वाचत होतो. दोनदा हाक मारली, उत्तर आलं नाही म्हणून बाहेर आलो, तर ही भिंतीला टेकलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं, मेथीची जुडी तशीच मांडीवर. बारामतीच्या दवाखान्यातून बऱ्याच दिवसांनी घरी आणली तेव्हा उजवा हात लुळा पडला होता, पाय ओढत चालत होती आणि बोलणं गेलं होतं. एक शब्द तेवढा राहिला होता. ‘न्हाय.’

चहा घेतेस का विचारलं की म्हणायची, "न्हाय," आणि डावा हात कपाकडं पुढं करायची. ऊन लागतंय का? "न्हाय." म्हणजे लागतंय, खाट सरकवा. आमची मुलगी इंदापूरला दिलेली. तिनं फोनवर "आई, बरी हायेस ना?" विचारलं की ही खुशीत "न्हाय, न्हाय, न्हाय" म्हणायची, आणि पलीकडं मुलगी रडायला लागायची. डॉक्टरांनी समजावलं होतं की यांना सगळं कळतं, सांगायचं असतं तेही मनात असतं, पण तोंडातून बाहेर पडताना तो एकच शब्द पडतो. ज्या बाईनं उभा जन्म शेजारणींशी, म्हशींशी, उतू जाणाऱ्या दुधाशीसुद्धा गप्पा मारल्या, तिच्याकडं तेवढंच उरलं होतं.

मी इंदापूरला हायस्कुलात गणित शिकवायचो. निवृत्त झाल्यावर आम्ही सांगवीला, रस्त्याच्या कडेला आमचा जमिनीचा तुकडा आहे तिथं घर बांधून राहिलो होतो. मास्तरच मी, त्यामुळे रोज सकाळी हिच्यासमोर खुर्ची टाकून बसायचो. "म्हण, पाणी. पा-णी." ती ओठ हलवायची, घाम यायचा, आणि शेवटी "न्हाय" निघायचं. मग तोंड फिरवून कालव्याकडं बघत बसायची.

एके दिवशी मुलगी आली ती पदराखाली काहीतरी घेऊनच. पणदऱ्यात तिच्या नणंदेच्या गोठ्यावर कुत्री व्याली होती, त्यातलं एक पिल्लू. काळं, पुढचा एक पाय पांढरा, पोट नगाऱ्यासारखं.

"या वयात कुत्रं कशाला?" मी म्हणालो. "ते बारा-चौदा वर्षं जगणार. आमचं काय सांगावं?"

"आबा, तुमी तिला दिवसभर दुरुस्त करत बसताय," मुलगी म्हणाली. "तिच्याजवळ कुणीतरी असं पायजे की जे तिला ‘हे म्हण, ते म्हण’ करणार न्हाय."

तिनं पिल्लू हिच्या मांडीवर ठेवलं. हिनं डावा हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि काही केल्या उचलेना. विषय तिथंच संपला.

पहिले काही दिवस माझी कंबर मोडली. पिल्लानं माझी चप्पल खाल्ली, मोबाइलच्या चार्जरची वायर खाल्ली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मुतायची जागा ठरवली. मी मोबाइलवर बघून बघून त्याला शिकवायला निघालो. "बस. इकडं ये. थांब." ते माझ्याकडं बघायचं, जांभई द्यायचं आणि निघून जायचं. नाव ठेवायचाही प्रयत्न केला, पण जे ठेवलं ते हिला म्हणता येईना, त्यामुळे ते टिकलं नाही.

मग एक दिवस मी न्हाणीतून बाहेर आलो तर ही खाटेवर बसलेली, डाव्या हातात शिळ्या भाकरीचा तुकडा. हात वर धरला आणि खालच्या पट्टीत म्हणाली, "न्हाय." पिल्लानं मान वर केली, मान वर करता करता ढुंगण खाली टेकलं. तुकडा मिळाला. पुन्हा हात वर. "न्हाय." पुन्हा बसलं. आणि ही हसली. झटक्यानंतर मी तिला पहिल्यांदा आवाज करून हसताना ऐकलं. मी दारातच थबकलो, पुढं जायचं धाडस झालं नाही.

पुढं त्या दोघांनी आपसात सगळं ठरवून टाकलं. खालच्या पट्टीत म्हटलं की बसायचं. तोडून म्हटलं की चप्पल सोडायची. लांब, गोड, शेवटाला वर नेत "न्हाऽऽय" म्हटलं की जिथं असेल तिथून धावत यायचं. आमच्या वस्तीवरच्या बायका हे बघायला यायच्या. एक म्हणाली, "आगं बया, न्हाय म्हटलं की येतंय व्हय हे! भलतंच येडं हाय." ही त्या बाईकडं बघून मान हलवत राहिली. येडं नव्हतं ते. आमच्या घरात तिची भाषा पहिल्यांदा त्यालाच आली.

मला थोडं लागलंही. पण त्या पिल्लामुळं ही काठी घेऊन अंगणात उतरली, मग फाटकापर्यंत गेली, दिवाळीनंतर कालव्याच्या चारीपर्यंत जायला लागली. ती थांबली की ते थांबायचं. ती चारीच्या कठड्यावर टेकली की ते तिच्या लुळ्या हाताखाली डोकं घालून उभं राहायचं. उसाला तुरे आले होते. मी मागं दहा पावलं राहून चालायचो, कारण मी जवळ गेलो की तिला चालताना शिकवायला लागायचो.

दुसरा झटका आला तो सकाळीच. शेजारच्या तात्यांनी गाडी काढली. गाडीच्या मागं पिल्लू फाट्यापर्यंत पळत आलं, मग आरशात दिसेनासं झालं. या वेळी दवाखान्यात हिनं डोळे उघडले, पण तोंडातून काहीच आलं नाही. मी कानाशी वाकून म्हणालो, "ओळखलंस का मला? न्हाय म्हण की. एकदा न्हाय म्हण." नर्स माझ्याकडं बघत होती. हिनं माझं बोट धरलं होतं, तेवढंच. दोन-तीन दिवसांत ती गेली.

घरी माणसं भेटायला यायला लागली. अंगणात ताडपत्री टाकली होती. येणारा प्रत्येक जण बसायचा, उसासा टाकायचा आणि म्हणायचा, "खरंच वाटत न्हाय." "आता काय इलाज न्हाय." "अशी बाई व्हायची न्हाय." आणि दर वेळी पिल्लू उठायचं. उठून आत जायचं, खाटेपाशी उभं राहायचं, गादी हुंगायचं, परत येऊन ताडपत्रीच्या कडेला बसायचं. पुन्हा कुणीतरी बोलायचं. पुन्हा ते उठायचं.

पहिल्यांदा तात्यांच्या ध्यानात आलं. ते बोलत होते, "आपल्या हातात काय..." आणि पिल्लाकडं बघून गप्प झाले. उपरणं तोंडाला लावलं. म्हणाले, "मास्तर, ह्याला आत कोंडा. बघवत..." आणि पुढचा शब्द गिळला.

मी कोंडलं नाही. निदान कुणीतरी तिच्या खाटेपाशी जात होतं.

सगळे पांगल्यावर मी एकदा तिच्यासारखं म्हणून बघितलं. लांब, शेवटाला वर नेऊन. पिल्लू परसातून धावत आलं, माझ्यापाशी थांबलं, माझे हात हुंगले, आणि मग माझ्या मागं दाराकडं बघत उभं राहिलं. बराच वेळ. त्यानंतर मी घरात तो शब्दच टाळायला लागलो. दूधवाल्याला "नको" म्हणायचो, मुलीला "अवघड आहे" म्हणायचो.

पण मी टाळून काय होणार? साखर कारखान्याचा हंगाम भरात होता. आमच्या दारावरून उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागायची. एकदा रस्त्यापलीकडून एका ड्रायव्हरनं दुसऱ्याला ओरडून सांगितलं, "डिझेल न्हाऽऽय!" फाटक उघडं होतं. पिल्लू अंगणातून सुटलं ते थेट रस्त्यावर. ट्रॅक्टरनं करकचून ब्रेक मारला, मागची ट्रॉली आडवी सरकली, ऊस सांडला. ट्रॉलीखालून पिल्लू बाहेर आलं आणि त्या ओरडणाऱ्या ड्रायव्हरच्या पायाशी जाऊन शेपूट हलवायला लागलं.

"आवो, बांधून ठेवा की हे!" ट्रॅक्टरवाला खाली उतरून ओरडला. मी पिल्लाला उचलून आत आणलं आणि फाटक लावलं.

त्या दिवशी ठरवलं. ते जगायला हवं असेल तर त्याच्या डोक्यातून तो शब्द काढायला हवा, आणि काढणारा माझ्याशिवाय कुणी नव्हता. दुसऱ्या दिवसापासून मी खाटेवर, ती बसायची तिथं बसायला लागलो. "ये" म्हणायचो आणि भाकरी द्यायचो. "न्हाय" म्हणायचो आणि हात रिकामा ठेवायचो. ते यायचं. रिकामा हात हुंगायचं, चाटायचं, तोंडाकडं बघायचं. मी भिंतीकडं बघत बसायचो. पुन्हा म्हणायचो. पुन्हा ते यायचं. वर्गात इतक्या पोरांच्या डोक्यात मी काय काय घातलं, पण असलेलं काढून घ्यायची पाळी कधी आली नव्हती. एकेक धडा झाला की मी न्हाणीत जाऊन नळ सोडून ठेवायचो, म्हणजे बाहेर आवाज जायचा नाही.

हळूहळू ते उठेनासं झालं. आधी नुसती मान वर करायचं, मग नुसता एक कान. उन्हाळ्यात एकदा दूधवाला दारातून ओरडला, "मास्तर, उद्या यायचो न्हाय." पिल्लू उंबऱ्यावर झोपलं होतं. कानसुद्धा हलला नाही.

मी मुलीला फोन लावला. सांगितलं, की विसरलं ते.  ती म्हणाली, "बरंच झालं की आबा. आता रस्त्याची भीती गेली."

"व्हय," मी म्हणालो.

फोन ठेवला. दूध तापवायला लावलं आणि पिल्लाला हाक मारली. "ये." ते उठलं, अंग ताणलं आणि माझ्याकडं आलं.