सुतक दुपारी लागलं

माझी बॅग माझ्या खोलीबाहेर व्हरांड्यात, चपलांच्या शेजारी ठेवलेली होती.

मी डाळिंबाच्या बागेत चक्कर मारून आलो होतो. जबल अखदरच्या डोंगरावर एका ओमानी कुटुंबाचं जुनं दगडी घर आहे. आता त्याचं हॉटेल झालंय. मस्कतहून आम्ही सुट्टीला तिथं आलो होतो. बॅगेवर माझं पुस्तक होतं, त्यावर घडी केलेला टॉवेल. कुणीतरी अगदी नीटनेटकं मला बाहेर काढलं होतं.

वहिनी शेजारच्या खोलीच्या दारात आल्या. माझ्या साहेबांची पत्नी.

"गैरसमज नको हं, भाऊजी. तुम्हाला सुतक आहे ना. उद्या सकाळी आमची पूजा आहे. खाली ड्रायव्हरची खोली आहे, तिथं झोपा. स्वच्छ आहे अगदी."

वडील जाऊन तेरा दिवसही झाले नव्हते. गावी सगळं आटपून मी मस्कतमधल्या वादी कबीरच्या फ्लॅटवर परतलो होतो. पण सकाळी याच वहिनी म्हणाल्या होत्या, "परदेशात कसलं आलंय सुतक? एकटे बसू नका. चला." कुणी आपल्या दुःखाची विचारपूस केली, एवढ्यानंच मी विरघळलो. आल्यावर हॉटेलनं वापरायला दिलेल्या स्वयंपाकघरात पुऱ्या लाटल्या. पाण्याचे जग भरले. कुणाला काही खटकलं नाही.

दुपारी जेवताना साहेबांनी विचारलं, "मुंडण नाही केलंत?"

"आमच्यात नाही करत."

"मग तेराव्याचं काय?"

"तेरावं नसतं. जलदान विधी झाला. भंतेजी आले होते."

साहेबांनी हातातली पुरी ताटात ठेवली. परत उचलली नाही.

वहिनी हसल्या. "अय्या, वाटत नाही हो तुमच्याकडे बघून! मराठी किती शुद्ध तुमची."

त्यांच्या मुलीनं पाणी मागितलं. वहिनींनी मी भरलेला जग बाजूला सारला आणि नव्या बाटलीचं सील तोडलं. मी उठून बागेत गेलो. परत आलो, तर ही बॅग.

माझा हात आपोआप बॅगेच्या पट्ट्याकडे गेला. उचलावी आणि जिना उतरावा. भांडण नको. व्हिसा कंपनीचा, कामावरचा शेरा साहेबांचा.

तेव्हा मला तो हात ओळखू आला. बाबांचा हात. बाबा शाळेत शिपाई होते. हेडमास्तरांच्या घरी सामान पोचवायला जात, तेव्हा पायरीवरच बसत. "मी इथंच बरा," म्हणत. कुणी सांगायच्या आधीच म्हणत. लहानपणी मला त्यांचा राग यायचा. त्या व्हरांड्यात राग आला नाही. किती वेळा त्यांनी स्वतःला असं उचलून बाहेर ठेवलं असेल.

मी पट्टा सोडला.

"वहिनी, सकाळी गाडीत मला सुतक नव्हतं. पुऱ्या लाटताना नव्हतं. जात कळली आणि लागलं."

"असं काय बोलता! आम्ही नाही हो जातपात मानत."

"मग बॅग बाहेर कशी?"

त्यांनी मागं पाहिलं. साहेब मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "एका रात्रीचा तर प्रश्न आहे. कशाला वाढवताय?"

एका रात्रीचा. बाबांचं आयुष्य अशा एकेका रात्रीनंच सरलं.

मी बॅग आत नेली. कपडे कपाटात लावले. संध्याकाळी त्या सगळ्यांनी आपापल्या खोलीत ताटं मागवली. मोठ्या टेबलावर मी एकटा बसलो. पूर्ण जेवलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही एकाच गाडीनं मस्कतला परतलो. नोकरी राहील की जाईल, माहीत नाही. एक मात्र ठरलं आहे. इथं मराठी माणूस भेटला की पहिल्यांदा गाव विचारतो. यापुढं मी नुसतं गाव सांगून थांबणार नाही. बौद्धवाडी, असं पूर्ण सांगेन. जेवायला बसण्याआधी सांगेन. मग ज्याला पानावरून उठायचं, त्यानं उठावं.

मी उठणार नाही.