बंदुकीवरचं हळदीचं कडं

मला बंदुकीची भीती वाटते आणि ते सांगायची मला मुळीच लाज वाटत नाही. नवऱ्याला मात्र माझ्या भीतीची गंमत वाटायची. अमेरिकेत, ट्रॉय गावात येऊन आम्हाला बरीच वर्षं झाली होती. तो गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. ग्रीन कार्ड हातात पडलं आणि या बाबाला एकाएकी जुन्या लष्करी रायफली जमवायचा नाद लागला. लोक गोल्फ खेळतात, टोमॅटो लावतात. आमच्या बेसमेंटमध्ये महायुद्धातल्या बंदुका येऊन पडायला लागल्या.

न्यूयॉर्कचे टॉवर पडून तेव्हा दोन-तीन वर्षंच झाली होती. आमच्या रंगाचा माणूस गाडीच्या डिकीतून लांबलचक काहीतरी काढून घरात नेतोय, हे समोरच्या खिडकीतून कुणी बघितलं तर? तो नवीन बंदूक घेऊन आला की मी ड्राइव्हवेवर उभी राहून इकडेतिकडे बघत बसायचे. "एक तर दाढी ठेव, नाही तर बंदूक ठेव. दोन्ही नको," असं मी त्याला बजावलं. त्याने दाढी काढली.

त्याचा अभ्यास मात्र दांडगा होता. जुन्या रायफलीच्या मुख्य भागांवर एकच नंबर ठोकलेला असतो. एखादा भाग बदलला की नंबर जुळत नाही, म्हणून लबाड विक्रेते मूळ नंबर घासून टाकतात आणि जुळणारा ठोकतात. नव्याने ठोकलेल्या आकड्याच्या कडा वर आलेल्या असतात, आजूबाजूचा रंग जरा जास्तच काळा दिसतो. हे सगळं तो मला पोळ्या लाटताना ऐकवायचा. प्रदर्शनात गेला की खिशात भिंग आणि छोटी टॉर्च. टेबलामागून टेबलं बघत जायचा, "हे खोटं, हे पण खोटं," म्हणत रिकाम्या हाताने घरी यायचा. मला तेवढंच बरं वाटायचं.

आणि एके दिवशी तो थ्री-नॉट-थ्री घेऊन आला. आपल्याकडच्या कारखान्यात बनलेली. त्याचा आनंद गगनात मावत नव्हता. "सगळे नंबर जुळतात, यार! एकही आकडा नंतर ठोकलेला नाही. भारतातून इथवर आली बघ, आपल्यासारखीच." आमची लेक तेव्हा अकरावीत. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर इंग्रजीतच. तिने रायफल खांद्याला लावून बघितली, गाल लाकडावर टेकवला आणि म्हणाली, "बाबा, कॅन आय गो फर्स्ट?" तो म्हणाला, पहिली गोळी तुझीच. शनिवारी दुपारी नेमबाजीच्या रेंजवर जायचं ठरलं. त्या आठवड्यात मला धड जेवण गेलं नाही.

तो शनिवार म्हणजे आमचा दसरा. तिथीने दसरा होऊन गेला होता, पण इथे सगळे सण आमच्या सवडीने शनिवारी येतात. सकाळी मी चौरंग मांडला. त्यावर लेकीचं कॅल्क्युलेटर, नवऱ्याचे पाने-हातोडे, माझी सुरी, आणि त्याच्या हट्टाखातर ती रायफल. फुलं, अक्षता वाहिल्या. गोळी जिथे बसते त्या जागेवर मी ओल्या हळदीचं बोट ओढलं, त्यावर कुंकू. तो लगेच ओरडला, "अगं, पाणी कशाला लावतेस? गंज चढेल!" आणि तेलाच्या फडक्याने त्याने हळद पुसून टाकली.

सगळी नाही पुसली गेली. काळ्या लोखंडावर एक बारीक पिवळं कडं राहिलं. वाटाण्याएवढं, अगदी गोल. त्याने पुन्हा पुसलं तरी ते तसंच राहिलं.

मी कॉलेजात एनसीसीची कॅडेट होते. परेडला आम्हाला अशाच रायफली मिळायच्या, कवायतीच्या. लाकडावर 'कवायतीची' अशा अर्थाची दोन मोठी अक्षरं ठोकलेली आणि नेमक्या याच जागी आरपार भोक, म्हणजे कुणी चुकूनही त्यात गोळी घालू नये. आमचे सुभेदार पहिल्याच दिवशी त्या भोकावर बोट ठेवून म्हणाले होते, "हिच्यात गोळी उडवलीत, तर समोरचा राहील बाजूला, ही तुमच्याच तोंडावर फुटेल." मी लाकडावरून हात फिरवला. जिथे अक्षरं असायची तिथे लाकूड किंचित खाली गेलं होतं. घासलेलं, वर पॉलिश.

"हिला भोक होतं," मी म्हटलं. "कुणीतरी बुजवलंय. त्याच्या फटीत हळद बसलीय."

"टूल मार्क असेल तो, कारखान्यातल्या यंत्राचा ओरखडा. मी नंबर तपासलेत."

"नंबर खरेच असणार. बंदूक खरीच आहे, पण ती कवायतीची आहे!"

"तू झुरळालासुद्धा घाबरतेस," तो म्हणाला, आणि लेक म्हणाली, "आई, रिलॅक्स." मी खोटी ठरले तर आयुष्यभर चिडवतील, हे मनात आलं. खरी ठरले तर काय, ते मनात आणवेना. मी सरळ चौरंगापुढे मांडी घालून बसले. "पूजेला लावलेलं हत्यार आज हलवायचं नाही."

"आज खरा दसरा तरी आहे का!" तो भडकला. "तू कधीपासून एवढी सोवळी झालीस?"

"आत्तापासून. ओलांड बघू चौरंग."

माणूस पक्का नास्तिक. पण आईच्या घरात लहानपणी जे अंगात भिनतं ते जात नाही. चौरंग ओलांडायची काही त्याची छाती झाली नाही. चरफडत त्याने रेंजवरची वेळ कॅन्सल केली. लेक दार आपटून खोलीत गेली. मी संध्याकाळपर्यंत तिथून उठले नाही. चहासुद्धा तिथेच घेतला.

रविवारी सकाळी तो म्हणाला, "चल, तुझा भ्रम काढतो." लेकही मागोमाग आली. गॅरेजमध्ये त्याने रायफलीचा बोल्ट, गोळी आत सारणारा मागचा दांडा, काढून ठेवला, नळी शिकंज्यात धरली, पिवळ्या कड्याच्या मधोमध खिळ्यासारखा एक बोथट पंच टेकवला आणि हातोडीने हलकेच ठोकलं. काही झालं नाही. माझ्याकडे बघून हसला. दुसऱ्यांदा ठोकलं तेव्हा आत टण्ण आवाज झाला.

त्याने नळी तिरकी केली. आतून एक लोखंडी गुडदी, भोकाचं बूच, घरंगळत त्याच्या तळहातावर पडली, वाटाण्याएवढीच. नुसती झाळून बसवलेली, वरून काळा रंग दिलेला. त्याने ती लेकीसमोर धरली. मग रंगाच्या डब्यावर खाली बसला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. इतक्या वर्षांत मी त्याला घाबरलेला कधी पाहिला नव्हता, आणि त्याला तसं बघून मला आदल्या दिवसापेक्षा जास्त भीती वाटली.

लेक त्या उघड्या भोकाकडे बघत होती. काल तिने जिथे गाल टेकवला असता, तिथून ते वीतभर लांब होतं. तिने नकळत गालाला हात लावला. मग माझ्या कुशीत शिरली, एवढी घोडी झालेली मुलगी, आणि म्हणाली, "आई, मला भीती वाटतेय. घरात चल ना." मी म्हटलं, "चल गं, चल."

ती रायफल विकायची असं तो म्हणाला. मी विकू दिली नाही. पुन्हा कुणीतरी भोक बुजवणार आणि पुन्हा कुणाची तरी लेक पहिली गोळी मागणार. बाकीच्या बंदुका त्याने हळूहळू काढून टाकल्या, ही तेवढी राहिली. दर दसऱ्याला ती चौरंगावर येते. मी हळद लावत नाही, आधी भोकावर बोट ठेवून बघते. मोकळं असलं की उदबत्ती तिथेच खोचते, आणि ती पूर्ण जळेपर्यंत चौरंगापासून हलत नाही.