घुमीचा हात

माझ्या बायकोला आमच्या घरात कुणी नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. आई तिला घुमी म्हणायची, मग सगळेच घुमी म्हणायला लागले. कारण ती बोलायचीच नाही. लग्न होऊन आली, आणि पहिलं वर्षभर 'व्हय' आणि 'न्हाई' यापलीकडं तिचा शब्द कुणी ऐकला नसेल. माझी शाळा दुसरीपर्यंत. सजवून लिहिणं जमणार नाही. होतं तसं सांगतो.

बोलत नव्हती, पण गप्प कधीच नव्हती. वडीलधाऱ्यांदेखत नवऱ्याशी बोलायचं नाही अशी तेव्हाची रीत. मला बोलवायचं असलं की ती चौकटीवर बांगड्या वाजवायची. रागावली असली तर ताटात भाकरी पापुद्रा खाली करून वाढायची. पालथी भाकरी दिसली की आपण काय केलं ते मी आठवत बसायचो. आई म्हणायची, "दगडासंगं संसार करतोयस रं." मी मान डोलवायचो आणि भाकरी सुलटी करून खायचो.

मी तेव्हा सांगलीच्या हळदपेठेत अण्णांच्या अडतीवर, म्हणजे हळदीच्या दलालीच्या दुकानात, कामाला होतो, अधूनमधून कडेगावाकडं घरी यायचो. पेठेत भाव तोंडानं बोलत नसत. अडत्याच्या माणसाच्या हातावर रुमाल टाकायचा, एकेका व्यापाऱ्यानं त्याखाली हात घालायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. शेजारच्याला पत्ता लागत नसे. तो हात माझा असायचा. बोट कळलं नाही तर मी म्हणायचो, "परत." व्यापारी परत दाबायचा. हात धरलेला आहे तोवर सौदा जिवंत. सुटला की संपला.

एकदा मी गावी असताना ती रानात न्याहारी घेऊन आली, तेव्हा आसपास कुणी नाही बघून तिनं विचारलं, "आवं, त्या रुमालाखाली करता तरी काय?"

मी टॉवेल टाकून दाखवलं. हात सुटायची गोष्टही सांगितली. ती हसली. "मग सोडायचाच न्हाई म्हंजे झालं."

"आन् भाव ठरला तर?"

"आपल्याला कुठं हळद इकायचीय?"

त्या दिवसापासून आमची बोटं बोलायला लागली. एक बोट दाबलं म्हणजे माहेरची आठवण येतेय. ती पाटणकडची, लांबची. दोन बोटं म्हणजे आत्याबाई, म्हणजे माझी आई, तापल्यात. सगळा पंजा म्हणजे बरं चाललंय. औंधला यमाईच्या जत्रेला गाडीतून निघालो होतो. थंडी होती, आमच्या दोघांच्या गुडघ्यांवर एकच घोंगडं. आई समोर बसून म्हणाली, "ह्या घुमीला जत्रंला नेऊन काय उपेग? देवीम्होरं तरी तोंड उघडंल का?" घोंगड्याखाली दोन बोटं जोरात दाबली गेली. मी फसकन हसलो.

"का हसतोस रं?"

"बैलानं शेपटी मारली," मी म्हणालो. मग सगळा पंजा दाबला गेला. औंध येईपर्यंत तसाच होता.

लढाईचे दिवस होते. गावची निम्मी पोरं पलटणीत. औषध मिळायची मारामार. त्यातच तिला ताप आला. उतरेना. वैद्य झाले, देवऋषी झाला. निरोप मिळून मी सांगलीहून पोचलो तेव्हा तिची जीभ जड झाली होती, डोळे मिटलेले. आई उशाशी बसून रडत होती. "बोल गं बाय. कायतरी बोल. दोन शिव्या दे मला, पर बोल."

मी गोधडीखाली हात घातला. तिनं ओळखला. दोन बोटं दाबली. मग करंगळी तेवढी धरली, धरून ठेवली. नंतर अंगठ्यानं माझ्या तळव्यावर काहीतरी ओढलं.

आमच्यात हे ठरलेलंच नव्हतं.

"माहेरी निरोप धाडू?" मी विचारलं. तिनं पुन्हा तेच केलं. "पाणी हवंय? आईचं कायतरी हाय का?" पुन्हा तेच. दोन बोटं, करंगळी, अंगठा. पेठेत एवढ्या व्यापाऱ्यांची बोटं वाचली, पण हे मला वाचता येईना. मी म्हणालो, "परत." तिनं परत केलं. मी म्हणालो, "परत." ती करत राहिली, दर वेळी थोडं हळू. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. शेवटी नुसती करंगळी धरली होती. मी परत म्हणालो, तेव्हा काही हललं नाही.

तरी मी हात सोडला नाही. आंघोळ घालायला बाया आल्या. आई म्हणाली, "सोड रं बाळा." मी म्हणालो, "तिचं सांगून हुयाचंय." मग बायांनीच एकेक बोट सोडवलं.

दुसरं लग्न केलं नाही. पोटासाठी पेठेत परत गेलो. रुमाल पडायचा, हात आत यायचे. एखाद्याचं बोट कळायचं नाही, तेव्हा मी त्याच्या तोंडाकडं नुसता बघत राहायचो. व्यापारी खोळंबायचे. अण्णा गादीवरून ओरडायचे, "अरे, परत म्हण की!"

तो शब्द काही माझ्या तोंडून निघाला नाही.