आमचा कीबोर्ड कोण चालवणार? नाशिक ते द्वारका

"ताई, आता मी फोर्क करतोय," असा समीरचा मेसेज आला आणि मी दिल्लीचं तिकीट काढलं.

थोडं मागचं सांगते. मोबाइलवर मराठी लिहिण्यासाठी मी नाशिकला घरबसल्या एक मोफत कीबोर्ड बनवलाय. कोड सगळ्यांना खुला आहे. बदल कुणीही सुचवावा, पण तो घ्यायचा की नाही हे मी एकटी ठरवायचे. माझ्यानंतर सगळ्यात जास्त काम समीरचं. तो दिल्लीतच जन्मला, वाढला, राहतो तिथल्याच द्वारका भागात. त्याने 'चलो', 'यार', 'बिल्कुल' हे शब्द कीबोर्डच्या कोशात घातले की मी ते काढून टाकायचे. शेवटी तो वैतागला. फोर्क म्हणजे तोच कोड घेऊन वेगळी चूल मांडणं. तसा हक्क त्याला होताच. पण आम्ही एकमेकांना कधी पाहिलंही नव्हतं, आणि न भेटता वेगळं होणं मला पटेना.

शनिवारी उतरले. विमानतळावरून मेट्रोने द्वारका सेक्टर २१ गाठायचं, तिथून ब्लू लाइन थेट नोएडापर्यंत जाते. गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे बसायला जागा नक्की. स्वेटर मात्र जाड घ्या. जानेवारीतली नाशिकची थंडी तिथे कुणी थंडीत धरत नाही.

नोएडाला ओपन सोर्सवाल्यांचा, म्हणजे असा खुला कोड लिहिणाऱ्यांचा, मेळावा होता. बाकीचे लोक आपापले प्रोजेक्ट कसे चालवतात, हे समीरला भेटण्याआधी बघायचं होतं. तिथे फरीदा भेटली. मूळची सोलापूरची, लग्नानंतर दिल्लीकर झालेली. जेवणाच्या सुट्टीत तिने मला बाहेरच्या गाडीवर छोले-कुलचे खायला नेलं.

"आमच्याकडे निवडून दिलेली समिती आहे," ती म्हणाली. "सगळं मतदानाने. भांडणं कमी होतात, पण एक बटण इकडचं तिकडे करायचं तर ऋतू बदलतो."

"आणि कंपनी पाठीशी असेल तर?"

"माझा आधीचा प्रोजेक्ट तसाच होता. पगारी माणसं, फटाफट काम. मग कंपनीचा रस संपला आणि सगळी माणसं दुसरीकडे गेली."

"आणि माझ्यासारखं? एकटीने?"

तिने कुलच्याचा तुकडा मोडला. "झकास चालतं. तू आजारी पडेपर्यंत."

मी हसले खरी. पण मला डेंगी झाला होता तेव्हा कीबोर्ड कित्येकांच्या फोनवर बंद पडला होता. समीरकडे दुरुस्ती तयार होती, आणि ती आत घ्यायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

रविवारी दुपारी समीरकडे गेले. तो सोसायटीच्या गेटवरच उभा होता, फोनवरच्या आवाजापेक्षा बराच लाजरा. आत त्याच्या आईने मटार उसळ केली होती.

"अच्छा, ती लाल रेघवाली तू होय!" काकूंनी दारातच मला पकडलं. "मी बहिणीला लिहिते, 'चलो, नंतर बोलते', तर तुझा कीबोर्ड खाली रेघ मारतो. आम्ही असंच बोलतो गं."

"काकू, पण हा कीबोर्ड शाळेतली मुलंही वापरतात. त्यांना काय मराठी शिकवायची आपण?"

"ताई," समीर म्हणाला, "मुद्दा 'चलो'चा नाहीच आहे यार. तुम्ही नाही म्हणता आणि विषय खतम. का नाही, तेसुद्धा लिहीत नाही. मी कुणाशी भांडू?"

काकूंनी न विचारता माझ्या ताटात आणखी उसळ वाढली.

जेवणानंतर आम्ही गच्चीवर उन्हात बसलो. डोक्यावरून विमान गेलं की बोलणं थांबवायचं, मग पुन्हा सुरू. तिथूनच फरीदाला फोन लावला आणि आमच्यात येतेस का, विचारलं. "येते, पण ऋतू बदलेपर्यंत बसणार नाही," ती म्हणाली. संध्याकाळपर्यंत ठरलं: निर्णय आम्ही तिघं घेणार. नकार द्यायचा तर कारण सगळ्यांना दिसेल असं लिहायचं, आणि एकमत झालं नाही तर दोघांचं मत चालेल.

पहिलं मत 'चलो'वरच झालं. मी विरोधात होते. फरीदाने फोनवरून समीरच्या बाजूने मत दिलं आणि मी हरले. समीरने फोर्कचा विषय पुन्हा काढला नाही, आणि काकूंनी गाजर हलवा आणला. पहिला घास मी चव न बघताच गिळला. दुसरा छान लागला.

नाशिकला परतून आता काही आठवडे झालेत. तो शब्द मला अजूनही पटलेला नाही. माझं कारण मी लिहून ठेवलंय. कुणाला पटलं तर पुन्हा मत घेऊ. तोवर लोक 'चलो' लिहितायत, लिहोत.

काल सकाळी कुणीतरी तक्रार टाकली की जोडाक्षरं तुटतायत. मी चहा गाळून लॅपटॉप उघडेपर्यंत समीरने दुरुस्ती केली होती, फरीदाने ती तपासून आत घेतली होती, आणि तक्रार करणाऱ्याने आभारही मानले होते. मी ते सगळं दोनदा वाचलं. मग लॅपटॉप मिटला आणि कप घेऊन अंगणात जाऊन बसले.